तबकडीचं शेवटचं बोटभर

“एसी बंद कर रे सुजीत,” प्रमिलाताई म्हणाल्या. “त्याच्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही.”

“आई, बाहेर पंचेचाळीस आहे!” सुजीत कुरकुरला, पण त्याने एसी बंद केला. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतला तो फ्लॅट एकदम शांत झाला. टेबलावर सुजीतने दुबईच्या देरा बाजारातली दुकानं पालथी घालून आणलेला रेकॉर्ड प्लेअर होता, आणि त्यावर प्रमिलाताईंनी पुण्याहून साड्यांच्या घडीत जपून आणलेली काळी तबकडी. विमानतळावर कुणीतरी ती उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. सुजीतची अस्मी ऑपेराचं गाणं शिकत होती, सोप्रानोचं, म्हणजे बायकांच्या सगळ्यांत उंच पट्टीचं. व्हिडिओ कॉलवर पोरीने वरचा सूर लावला आणि तिकडे पुण्यात प्रमिलाताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा गळा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या आजीचा. शंभरेक वर्षांपूर्वी संगीत नाटकांत गाजलेली बाई, तबकडीसाठी कर्ण्यापुढे उभी राहून गायलेली. पोरीला तो आवाज एकदा तरी ऐकवायचा, मग डोळे मिटले तरी चालेल, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. आवाज कुणाचा, हे मात्र त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं.

पिन टेकली. खरखर. नुसती खरखर. तिच्या तळाशी कुणीतरी बाई गातेय असं वाटलं, आणि तेही विरलं.

“खलास,” सुजीत म्हणाला. “पार झिजलीये गं.”

“आय कान्ट हिअर हर, आजी,” अस्मी म्हणाली.

झिजणार नाही तर काय होणार! प्रमिलाताईंच्या वडिलांकडे पाहुणा आला की तबकडी लागायचीच. वडील मोठे वकील. गाणं त्यांना हवं असायचं, गाणारी आई मात्र चारचौघांत सांगायला नको असायची. त्या काळी तबकडीवर गाणं संपलं की गाणारीने आपलं नाव मोठ्याने सांगायची रीत होती. शेवटचं बोटभर राहिलं की वडील डोळ्यांनी खुणावायचे आणि छोटी प्रमिला पटकन पिन उचलायची. कोण हो ही बाई, असं पाहुण्याने विचारलं की वडील म्हणायचे, “असेल कुणीतरी नाटकवाली.” आजी आत तांदूळ निवडत बसलेली असायची. गाणं संपत आलं की ती मान वर करून थांबायची, आणि मग पुन्हा तांदळात बोटं घालायची. कधी एका शब्दाने बोलली नाही बिचारी.

“व्हॉट वॉज हर नेम?” अस्मीने विचारलं.

पिन आत आत सरकत होती. बोटभर राहिलं, आणि प्रमिलाताईंचा हात आपसूक पुढे गेला. मेला हात! त्यांनी दुसऱ्या हाताने तो घट्ट धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

खरखर थांबली. तरणाताठा, खणखणीत, जरासा हसरा आवाज खोलीभर झाला. रेकॉर्डिंग करणाऱ्या गोऱ्या साहेबाने पढवलेलं इंग्रजी होतं ते.

“माय नेम इज शेवंतीबाई मांद्रेकर!”

सुजीतने आईकडे पाहिलं. “मांद्रेकर? आई, हे तर तुझं माहेरचं आडनाव! म्हणजे ही माझी पणजी?”

“माझी आजी,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“आजी, दॅट वॉज सो क्लिअर!” अस्मी उभीच राहिली होती. “इट्स लाइक न्यू! हाऊ?”

प्रमिलाताईंनी पदराने डोळे टिपले.

“नवंच आहे गं ते,” त्या म्हणाल्या. “आम्ही कधी वाजूच दिलं नाही.”