निळा सदरा

“त्यो फोन आधी बंद कर,” आकाराम म्हणाला.

“मामा, रेकॉर्डिंग करायला लागतं. माझा प्रकल्प हाय.”

भाची वर्षाराणी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. लहानपणच्या आठवणींवर तिचा अभ्यास चालला होता, म्हणून ती मंगळवार पेठेत मामाच्या भांड्यांच्या दुकानात येऊन बसली होती. आकारामला काही हे पटेना. थोरल्या भावाच्या, जोतीरामच्या पोरीचं लग्न रविवारी कागलला होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं दोघा भावांचं बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली. लग्नाची पत्रिका त्यानं पाकिटातनं बाहेरसुद्धा काढली नव्हती. आणि नेमका आत्ताच हिला अभ्यास सुचला? कुठंतरी पाणी मुरत होतं. आक्कानंच धाडली असणार लेकीला.

“घरच्या मोठ्या माणसाकडनं तुमच्या तीन गोष्टी आणल्यात,” ती म्हणाली. “आठवंल तेवढं सांगा.”

पहिली, म्हशीवरनं दूधगंगेत पडल्याची. ती आठवली, तो हसलाही. दुसरी, तापानं फणफणला असताना जोतीदादानं त्याला मळ्यातनं दवाखान्यापर्यंत पाठीवर नेल्याची.

“न्हाय आठवत. फुडं बोल.”

तिसरी, कागलच्या उरसात जोतीदादा त्याला पाळण्यापाशी एकटं सोडून मित्रांबरोबर निघून गेल्याची. आकाराम ताठ बसला.

“व्हय की. निळा सदरा हुता माझ्या अंगात. बत्ताशाच्या दुकानाम्होरं रडत हुतो. एका म्हातारीनं पाणी पाजलं. तवापासनंच त्यो तसला.”

वर्षाराणीनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “मामा, यातली एक गोष्ट रचलेली हाय. न घडलेलं पण माणसाला आठवतं का, ह्येच आम्ही बघतो. खोटी कुठली वाटती?”

“मी काय दूधखुळा न्हाय. दुसरी. त्यो मला पाठीवर घील व्हय? रविवारी मी यावं म्हणून तुझ्या आईनं जुळवलंय.”

“ती खरी हाय, मामा. खोटी उरसाची.”

निळा सदरा अजून आकारामच्या डोळ्यांसमोर होता, त्याची तुटलेली गुंडीसुद्धा. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण संशय काही जाईना.

“मग आक्कानं दादाला एवढं वाईट कशाला दाखवलं?”

“आईला न्हाय विचारलं मी. तिन्ही गोष्टी जोतीमामांनी दिल्या, खोटीसुद्धा त्यांनीच रचली. म्हणाले, ‘त्यात मलाच वाईट दाखव. त्याला लगेच आठवंल.’”