नदीतला कौल

बर्फाळ नदीत छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या ल्यूबेनला पोहता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या आजूबाजूला आणखी सतरा जण उभे होते. त्या सगळ्यांना पोहता येत होतं.

पुलावर फादर सावा लाकडी क्रूस हातात धरून प्रार्थना म्हणत होते. दर सहा जानेवारीला तो नदीत टाकतात. ज्याच्या हाती लागेल त्याला देवाने निवडलं, असं गाव मानतं. त्याला वर्षभर सर्दी होत नाही, असंही म्हणतात. गेली तीन वर्षं क्रूस अग्निशमन दलातल्या बोयानला मिळत होता. त्याला मध्ये एकदा न्यूमोनिया झाला, पण तो सर्दीत धरत नाहीत.

ल्यूबेन गावातल्या एकुलत्या एका स्ट्रिप क्लबचा मालक. अकरा वर्षांपूर्वी त्याने मोठ्या प्रेमाने क्लबला आईचं नाव दिलं. 'रायना'. गुलाबी दिव्यांत, लांबून वाचता येईल असं. तेव्हापासून आई त्याच्या घरी जेवली नव्हती. बोलतही नव्हती. फार झालं तर दुसऱ्याकरवी. "त्याला म्हणावं, टोपी घाल," असं ती पाववाल्याला सांगायची, ल्यूबेन शेजारी उभा असताना. पाववाला निरोप द्यायचा.

यंदा आईला ऐंशी पूर्ण झाली. नाताळात ल्यूबेनने फादरना गाठलं.

"फादर, तिथे कुणी कुणाला हात लावत नाही. मुलींना पगार आहे, हक्काची रजा आहे. ईस्टरच्या उपासात तर मी दिवासुद्धा लावत नाही."

"उपासात खाटीकही सुरी काढत नाही," फादर म्हणाले. "पण तो मटण विकतो बाबा. तू काय विकतोस?"

ल्यूबेनने प्रामाणिकपणे विचार केला. "बघणं," तो म्हणाला.

"हं. आणि ते पाप कुणाचं? दाखवणारीचं, बघणाऱ्याचं की दिवे लावणाऱ्याचं?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलो."

फादरनी दाढी कुरवाळत मनातल्या मनात बायबल चाळलं. त्यात मटणाबद्दल बरंच होतं, दिव्यांबद्दल काही नव्हतं.

"मग देवालाच कौल लावू," ल्यूबेन म्हणाला. "क्रूस मला मिळाला तर तुम्ही आईची समजूत घाला. नाही मिळाला तर त्याच दिवशी क्लबला कुलूप."

फादरनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच होकार दिला. रविवारी त्यांनी ही अट चर्चमध्ये जाहीरही करून टाकली. बायकांनी एकमेकींचे हात दाबले. पुरुष मेणबत्त्यांकडे बघत राहिले. पुढच्या रांगेतली रायना शेजारणीला म्हणाली, "त्याला म्हणावं, देवाने पदरात घेतलं तर मीही घेईन."

तर आता पुलावरची प्रार्थना संपली आणि ढोल थांबला. काठावर क्लबच्या तिघी मुली नाकापर्यंत मफलर गुंडाळून उभ्या होत्या. गावातल्या बायकांनी त्यांना ओळखलं नाही. पुरुषांनी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

"साहेब, हरलात तरी चालेल," त्यांतली डेसा ओरडली. "बुडू नका!"

फादरनी क्रूस भिरकावला. ल्यूबेनपासून जितका लांब जाईल तितका लांब, थेट बोयानच्या पुढ्यात. देवाला थोडी मदत करायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

बोयानने झेप घेतली आणि क्रुसाच्या दोन्ही बाजूंचं पाणी पकडलं. "बोटं आखडली हो!" तो ओरडला. क्रूस वाहत चर्चच्या गायकाकडे, स्पासकडे आला. स्पासला नेमकी तेव्हाच डोळे मिटून प्रार्थना सुचली. व्यायामशिक्षकाने सूर मारला तो उलट्या दिशेला. सरपंचाच्या जावयाच्या खांद्याला क्रूस अडला, तेव्हा त्याने "माफ कर देवा" म्हणत तो कोपराने पुढे लोटला. पंगतीत नको असलेली भाजी पुढे सरकवावी तसा क्रूस सतरा जणांपुढून सरकला आणि ल्यूबेनच्या पोटावर येऊन टेकला.

ल्यूबेनने तो उचलला.

ढोल वाजायला बराच वेळ लागला. पुलावरून फादर एकेका ओल्या चेहऱ्याकडे पाहत होते. एकाचीही नजर वर येईना.

ल्यूबेन कुडकुडत काठावर आला. बोयानची झेप हुकली तेव्हाच त्याने ओळखलं होतं. क्लबात कोण कुठल्या खुर्चीवर बसतो, हे त्याला पाठ होतं. समोर आई उभी होती. तिने वाकून क्रुसाचं चुंबन घेतलं, आणि ल्यूबेनला वाटलं, आता गप्प बसलं की झालं. अकरा वर्षांनी ताटं मांडायची.

"आई, हा देवाचा कौल नाही," तो म्हणाला. "यांनी मुद्दाम सोडला. मी कुलूप लावतो."

फादर धापा टाकत पोहोचले. "रायनाबाई, तो म्हणतो ते..." एवढ्यात त्यांना पाण्यातला आपलाच गायक स्पास दिसला आणि ते थांबले.

आईने नदीकडे पाहिलं. सतरा जण अजून पाण्यातच होते. काठावर त्यांच्या बायका टॉवेल घेऊन उभ्या होत्या, आणि बाहेर यायची कुणालाच घाई दिसत नव्हती. आईने त्यांना एकेक करून मोजलं. मग तिने आपली शाल काढून ल्यूबेनच्या खांद्यावर टाकली.

"कुलपाचं तू आणि देव बघून घ्या," ती थेट त्याच्याकडे बघत म्हणाली. "मी अकरा वर्षं एकट्या तुझ्याशी अबोला धरला. आता सगळ्यांशीच धरायचा म्हटलं, तर या गावात बोलू कुणाशी?"