पायवाटेची माती

क्वार्टरमागच्या लष्करी सरावाच्या मैदानात जवानांच्या बुटांखाली दबून दबून पायवाटेची माती दगड झालीय. तिच्यावर गवताची काडी उगवत नाही. "चालायचं तर तिच्यावरूनच," नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "गवत वाढलंय तिथे वर्षानुवर्षं कुणी पाऊल टाकलेलं नाही. न फुटलेले गोळे आहेत तिथे."

आज कुंपणाची तार वाकलेली दिसली आणि आमची चार वर्षांची ठकी अंगणात नव्हती. मी हाका मारत पायवाटेने धावत सुटले.

 

"आई, रागावू नको हं!" दूर गुडघाभर गवतात उभी राहून तिने पाय उचलून दाखवला. "नवे बूट मातीत मळवायचे नाहीत म्हणालीस ना, म्हणून मी गवतातूनच आले!"