केवळबाईंचं ताट

केवळबाई सकाळी वॉर्डातच वारल्या. पैठणहून मुलगा यायचा होता, म्हणून भुजंगराव बायकोच्या खाटेशी बसून राहिले. दुपारी तिचं ताट आलं. स्वयंपाकघरात कुणी कळवलंच नव्हतं. रोज दोन घास चिवडून ती ताट त्यांच्याकडं सरकवायची. "तुमीच खा. अन्न टाकू नाय. मॅडम लई रागवत्यात." ते गुपचूप संपवायचे. सवयीनं आजही हात चालला. तेवढ्यात आहारतज्ज्ञ चारुता मॅडम काटा घेऊन आल्या. उरलेलं अन्न तोलून पेशंटच्या पोटात किती जीवनसत्त्वं गेली, हे त्या काढायच्या. "मावशींनी कधी शीत टाकलं नाही," त्या हळहळल्या, "हिशेबात जीवनसत्त्वं पुरेशी भरत होती. आता सगळ्या वॉर्डाला हेच जेवण लावतेय, बाबा." मग त्यांची नजर रिकाम्या ताटावर गेली. "हे कोणी खाल्लं?" भुजंगरावांनी तोंडातला घास गिळला.