मैदानाच्या फेऱ्या

“कोण आहे तो?”

दवाखान्याच्या बाकावर आईने पुन्हा दातओठ खात विचारलं. शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली, पण चिमटा दंडात खोल.

“कुणी नाही गं आई.”

“कुणी नाही? मग काय वाऱ्याने राहिलं?”

मुलगी सोळा वर्षांची. काल शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे कळलं की चार महिने तिला पाळीच आलेली नाही. झालं. घरात निकाल लागला. मुलगा पडला असता तर आधी पाणी दिलं असतं, काही खाल्लंस का म्हणून विचारलं असतं. मुलीला विचारतात, कोण आहे तो.

आईने एकेक जण डोळ्यांपुढे आणला होता. शिकवणीतला, समोरच्या गल्लीतला, मैदानावर शिट्टी वाजवणारा तो कोच. कोचपाशी येऊन ती अडली. पोरीला त्या मैदानावर तिनेच तर घातलं होतं. आई औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहायची. शुगरसाठीचं, बर्फात ठेवलेलं इन्सुलिन न्यायला कोण कोण येतं, आणि पुढे त्यांच्याऐवजी त्यांची मुलं येऊ लागतात, हे ती रोज बघायची.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. रिपोर्टवर नजर टाकली.

“गरोदर नाही ही.”

आईचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

“किती पळतेस गं?”

“सकाळी शाळेच्या आधी. संध्याकाळी परत.”

“कुठली शर्यत आहे का?”

“शर्यत कसली,” आईच मध्ये पडली. “मी पळवते. हिच्या बापाला शुगर, आजी शुगरनेच गेली. पळालं की साखर ताब्यात राहते ना?”

“राहते. पळण्याला मी नावं ठेवत नाहीये. खाते किती ही?”

“बेताचं. तोंडावर ताबा आहे हो पोरीचा,” आई म्हणाली, आणि एवढ्या भीतीतही तिच्या आवाजात कौतुक आलं.

डॉक्टरबाईंनी मुलीचं मनगट दोन बोटांच्या कडीत धरलं. कडी मिटली, वर जागा उरली.

“एवढं पळायचं आणि पोटात काही नाही, मग शरीर काटकसरीवर येतं. पाळीची हार्मोन्स आधी बंद करतं. मागोमाग हाडं ठिसूळ होतात, आणि या वयात गेलेलं हाड पुढे सहजी भरून येत नाही. एका आजाराच्या धाकाने तुम्ही हिला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलंत.”

आईला कुणावर तरी आग पाखडायला हवी होती, आणि जवळ होती ती पोरगीच.

“भूक लागत होती तर मागायचं होतंस ना. मी काय नाही म्हटलं असतं?”

मुलीने आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

“मागायचे की. मग तू बाबांच्या पायाची पट्टी सोडायचीस, आणि कापलेली बोटं कुठे होती ते मला दाखवायचीस.”