बेहड्याचा नकार

वायरमन वैजयंताने बेहड्याच्या झाडाला सकाळीच फांदी गळायची सलाईन लावली होती. एव्हाना तारेवर आलेली फांदी झाडाने पिकल्या पानासारखी आपणहून टाकायला हवी होती. गावोगावची झाडं टाकत होती. करवती कधीच अडगळीत गेल्या होत्या. या बेहड्याने मात्र चार डहाळ्या टाकल्या आणि ती फांदी तेवढी धरून ठेवली.

खालच्या घरात अनसूयाकाकी ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. फांदी तारेला घासली की वीज जायची.

"करवत चालव आणि मोकळी हो," साहेब फोनवर खेकसले. "वादळ येतंय."

"झाड उगाच 'नाही' म्हणणार नाही, साहेब."

ती चढावर जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला दिसलं. बुंधा काकींच्या छपराकडे कलला होता आणि ती जाडजूड फांदी उलट्या बाजूला तोल धरून होती. कावडीची एक घागर काढली की दुसरी खाली येणारच.

"फांदी तोडली तर झाड काकींच्या घरावर येईल. मी तारच हलवते," तिने फोनवर सांगितलं.

"लाइन बंद करावी लागेल. म्हातारीचं काय?"

"मशीनला बॅटरी आहे. ती संपायच्या आत खांब उभा करते."

तिने हाक मारली तशी आळीतली माणसं पहारी घेऊन आली. वाटेपलीकडे खांब उभा राहिला, तार ओढली गेली. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि तेवढ्यात वीज आली.

मग वारा सुटला. बेहडा करकरला, फांदी मनसोक्त हलली, पण कशालाच घासली नाही. खिडकीतून मशीनची घरघर ऐकू येत होती.

वैजयंताने बुंध्यातली सुई उपसून काढली.

"या फांदीचं तुला पुन्हा नाही विचारणार," ती झाडाला म्हणाली.