एकशे त्रेचाळीस सारख्या फायली

"एकशे त्रेचाळीस फायली हुबेहूब सारख्या. एकशे बेचाळीस पुसू?" काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत टूल विचारत होतं.

संघमित्राने खुर्ची पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. टूल तिच्या पुण्याच्या कंपनीचं. त्याला ना बटणं ना चित्रं. कमांड टाइप केली की ते दुबार फायली हुडकून एक ठेवायचं, बाकीच्या पुसून टाकायचं. सोमवारी ते लोकांच्या हाती जाणार होतं आणि त्याआधी त्यातली खोट काढणं हे तिचं काम. इथे नावं वेगळी, तारखा वेगळ्या, आणि हे म्हणतंय सगळ्या एकच! असलं टूल बाहेर गेलं तर लोकांच्या लग्नाबारशांचे फोटो साफ होतील. मग सगळे तिच्याच नावाने खडे फोडतील.

धुळ्यात, देवपुरात, तिच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. ऑफिसची माणसं पडद्यावर. दिवसभरात खऱ्या माणसाशी बोलणं म्हणजे दूधवाल्याशी, तेही "एक पिशवी द्या" एवढंच. एकटं राहायची सवय झालीय, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. विचारणारं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सकाळी नऊपासून ती व्हर्च्युअल मशीन उभं करत होती. म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या पोटातच दुसरा, नुसता भासाचा कॉम्प्युटर थाटायचा आणि टूलला तिथे मोकळं सोडायचं. काय नासधूस व्हायची ती आतल्या आत. तपासायला खऱ्या फायली हव्यात, म्हणून तिने फोनमधले आबांनी पाठवलेले हजारभर फोटो आत टाकले. मग त्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला. काहीही पुसलं गेलं तरी एका कमांडने सगळं जागच्या जागी येणार होतं.

आबा म्हणजे तिचे वडील, यादव. रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे, झेंड्या दाखवायचे. निवृत्त होऊन बोदवडला राहत. आई, कलाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा संघमित्रानेच तोडगा काढला होता, "आबा, रोज सकाळी एक फोटो टाकत जा. आला की मला कळेल, तुम्ही बरे आहात."

आबांना ते लगेच पटलं. नोकरीत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. न थांबणारी गाडी जाताना फलाटावरून हिरवी झेंडी धरायची, शेवटच्या डब्यातून गार्ड त्याची हिरवी दाखवतो. दोघांनी एकमेकांना पाहिलं, की सगळं ठीक. आबा रोज स्टेशनवर फिरायला जाऊन फलाटाचा फोटो टाकू लागले, संघमित्रा उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवू लागली. दोघांकडूनही एका दिवसाचा खंड पडला नव्हता.

तिने मशीन स्नॅपशॉटवर परत नेलं. पुन्हा कमांड दिली. एकशे त्रेचाळीस. चिडून तिने ते मशीनच मोडलं आणि नव्याने उभं केलं. दीड तास गेला. एकशे त्रेचाळीस.

पुण्याहून श्रेयांसचा, तिच्या टीमच्या प्रमुखाचा, मेसेज आला, "सापडली का काही खोट?"

"सापडली. मोठी आहे," तिने लिहिलं. पुरावा जोडावा म्हणून तिने फोटो उघडायला घेतले.

पहिला उघडला. रिकामा बाक. बाकाखाली एक तांबडं कुत्रं मागचा पाय उचलून कान खाजवतंय. फलाटाच्या घड्याळात सात वाजून बारा मिनिटं. दुसरा उघडला. तेच कुत्रं, तोच कान. मग तिने पन्नासावा उघडला, शंभरावा उघडला, शेवटी आज सकाळी आलेला उघडला. सात वाजून बारा मिनिटं. कुत्र्याचा पाय अजून खाली आला नव्हता.

टूल बरोबर होतं.

म्हणजे पाच महिने आबा स्टेशनवर गेलेच नाहीत? पडले की काय? अंथरुणाला खिळले? फोन लावताना बोट दोनदा चुकीच्या नावावर गेलं.

"जय भीम, माय. अशी भर दुपारची फोन केला?"

"आबा, चालता येतंय ना तुम्हाला? खरं सांगा. पाच महिने तोच फोटो टाकताय तुम्ही!"

"चालता येते ना. आताच बजारातून आलो," आबा म्हणाले. "तवा तीन दिवस तापानं पडेल होतो. उठता येईना. कालचाच फोटो पुन्हा टाकला. म्हटलं, पोरीले समजीन, फोन करीन. तुहा अंगठा आला. दुसऱ्या रोजी तोच टाकला. अंगठा आला. मंग ठरोलं, तुले दिसत नाही तवर हाच टाकायचा."

तापात घोटभर पाणी द्यायला कोण होतं, हे तिला विचारायचं होतं. विचारायचं तोंड नव्हतं.

"दिसला, आबा," ती कशीबशी म्हणाली. "आज सगळे दिसले."

आबा हसले. इतकं मोकळं हसणं तिने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यांच्या आवाजात राग शोधून सापडेना. म्हातारा नुसता हरखून गेला होता. समोर पडद्यावर टूल अजून "पुसू?" म्हणून विचारतच होतं.

"एवढे जुने फोटो काढून बसली व्हती!" आबा म्हणाले, आणि मग जरा लाजत, हळूच त्यांनी विचारलं, "माही आठोन आली व्हती का, माय?"